यशवंतराव गेले तेव्हा



थोर पुरुष निवर्तला म्हणजे त्याच्या सहवासातील आठवणी सांगावयाच्या, अशी आपल्याकडे रीत आहे. मजपाशी तशी एकही आठवण नाही. यशवंतराव चव्हाण ह्यांस मी जवळून कधी पाहिले नाही, त्यांच्याशी एक शब्दही बोललो नाही. शाळकरी वयात एकदा सभेच्या गर्दीत अगदी मागे उभा राहून त्यांचा आवाज तेवढा ऐकला. तरीही २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते दिल्लीस वारले त्या वेळची हकीकत आज सांगावी असे मनात आहे. ती जितकी त्यांची, त्याहून अधिक माझ्या वडिलांची व माझी आहे.

तो रविवार होता. आमच्या शाळेस बातमी कळली ती सोमवारी सकाळी. इंदिरा गांधींची हत्या होऊन महिनाही उलटला नव्हता. त्या धक्क्यातून सावरतो न सावरतो तोच हा दुसरा. हेडमास्तरांनी मुलांस पटांगणात उभे केले आणि मजकडे वळून ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही कऱ्हाडकडले. चार शब्द तुम्हीच बोला." मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि बोलावयाचा संकोच मला कधीच नव्हता. त्या दिवशी मात्र देवराष्ट्रे येथील जन्म, मुख्यमंत्रिपद, संरक्षणमंत्रिपद एवढे सांगून मी थांबलो. शाळा सुटली तशी पोरे आनंदाने उधळली. त्यांस बोल लावण्यात अर्थ नाही. दुखवट्याची सुटी हीदेखील मुलांस सुटीच असते.

मी थांबलो त्याचे कारण निराळे होते. आमच्या शिक्षकमंडळींत त्यांच्यावर सर्वांत कडक टीका करणारा मीच होतो. १९६२ साली, चिनी आक्रमणाच्या ऐन संकटात, पंडित नेहरूंनी त्यांस संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलाविले, तेव्हा हिमालयाच्या मदतीस सह्याद्री धावला असे सारा महाराष्ट्र म्हणाला. तोच पुरुष पुढे इंदिराबाईंपासून वेगळा झाला, १९७९ साली चरणसिंगांच्या अल्पजीवी मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाला, आणि अखेर पुन्हा इंदिराबाईंच्याच पक्षात परतला, हे आम्हां तरुणांस सोसत नसे. "सह्याद्री वाकला," असे मी चारचौघांत म्हणत असे, आणि वाक्य छान जमले म्हणून मनात खूषही होत असे. त्या परतण्याविषयी माझे मत आजही फारसे बदललेले नाही, हे येथे सांगून टाकतो.

संध्याकाळच्या एस.टी.ने मी गावी गेलो. अंत्यविधी कऱ्हाडास व्हावयाचा होता आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाण्याचे आधीच ठरविले होते. पहाटे आम्ही बापलेक पायीच निघालो. माझी ती जुनी टीका त्यांनी अनेकदा ऐकली होती. उत्तर मात्र कधी दिले नव्हते. अर्धी वाट सरल्यावर ते एकदम म्हणाले, "तुझी फी कुणी भरली रं?"

आजच्या श्रोत्यांस ह्याचा संदर्भ सांगावयास हवा. यशवंतराव मुख्यमंत्री असताना, ज्या घराचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत आहे त्या घरातील मुलांस, जातीचा विचार न करता, फीमाफी देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. ई.बी.सी. ही तिची इंग्रजी आद्याक्षरे. ज्यांस इंग्रजीचा गंधही नव्हता अशा माणसांच्या तोंडीही ती बसली होती. दर जून महिन्यात अर्ज भरावयाचा, उत्पन्नाचा दाखला जोडावयाचा, आणि वर्षभर निर्धास्त राहावयाचे. मी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत पोहोचलो तो ह्याच सवलतीवर. म्हणून मी म्हणालो, "सरकारनं भरली, अण्णा."

"भरली खरी. पण तू नववीत होतास त्या साली शेंग बरी झाली होती. आकडा हद्दीच्या भाईर गेला. मी मागल्या सालचाच घातला. त्या सालची तुझी फी आपल्या हक्काची नव्हती."

एवढे बोलून ते पुढे चालू लागले. मी मात्र मागे पडलो, कारण मला १९८३ चा जून आठवला. सातवी पास होऊन हायस्कुलात जाणाऱ्या मुलांचे अर्ज मी हौसेने भरून देत असे. एक शेतकरी मुलास घेऊन आला होता. उत्पन्नाच्या रकान्यापाशी तो अडखळला आणि म्हणाला, "गुरुजी, किती लिहू?" मी म्हणालो, "खरे असेल ते." त्याने खरे सांगितले. ते मर्यादेच्या थोडे बाहेर गेले. मुलगा हायस्कुलात गेला नाही. मी चूक केली असे त्या क्षणापर्यंत माझ्या मनातही आले नव्हते; आणि चूक केली असे आजही मला निश्चयाने म्हणवत नाही. एवढेच, की त्या पहाटे मी हिशेब उलटसुलट करून पाहिला आणि तो काही केल्या जुळेना.

कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर पुढे जाणे शक्यच नव्हते. आम्हांस दिसला तो दूरचा धूर. वेणूताई १ जून १९८३ रोजीच गेल्या होत्या, पोटी मूल नव्हते. आणि आमच्या आसपासच्या बाया घरचे माणूस गेल्यासारख्या रडत होत्या. अण्णांनी डोईचा पटका काढून हातात धरला. माझ्याने नमस्कारही धड झाला नाही.

त्यांचे 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. ते मी मागाहून वाचले. लहानपणीच वडील गेलेल्या, आई विठाई आणि थोरले बंधू ह्यांच्या कष्टांवर शिकलेल्या मुलाची ती कथा वाचली म्हणजे फीमाफीचा उगम शोधावयास लांब जावे लागत नाही. खरे सांगावयाचे तर मी पुस्तक उघडले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. पक्ष सोडणे आणि परतणे ह्यांविषयी ते स्वतः काय म्हणतात ते मला पाहावयाचे होते. परंतु तीन खंडांचा संकल्प असून पहिलाच खंड पुरा झाला, आणि तो १९४६ पाशी थांबतो. माझ्या प्रश्नाचे उत्तर ज्या भागात आले असते, तो लिहावयाचा राहून गेला.

कऱ्हाडाहून परतल्यावर पहिल्या रविवारी मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. पुढल्या जूनपासून मुलाची फी मी भरीन, असे सांगावयाचे योजले होते. मुलगा मामाकडे मुंबईस गेला होता. बापाने घोंगडी अंथरून मला बसविले आणि आत चहा ठेवावयास सांगितले.