खेळाडू अंथरुणाला खिळतो तेव्हा

(स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया येथे धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त जमलेल्या कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आज आपल्यापैकी अनेकांना येथे पोहोचावयास उशीर झाला, त्यात दोष कोणाचाच नाही. ऑक्टोबरातील शनिवार आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा घरचा सामना, असा योग आला की चाळीस हजार वस्तीच्या या गावात एक लाखाहून अधिक माणसे बीव्हर स्टेडियमकडे निघतात. गाडी उभी करण्यास जागा शोधता शोधता मी तो घोष ऐकत होतो आणि मनात एक विचार आला. ज्यांच्या नावाने आज एवढा जयजयकार चालला आहे, ती वीस-बावीस वर्षांची मुले पुढे सत्तरीची होतील, त्यांचे गुडघे जातील, मूत्रपिंडे जातील. त्या वेळी त्यांच्या उशाशी कोण बसेल?

कार्यकारिणीने मला ‘समाज आणि क्रीडा’ असा प्रशस्त विषय दिला होता. त्यातला एवढाच एक कोपरा मी घेतो.

या देशात पूल नावाचा खेळ आहे, बिलियर्ड्सच्या कुळातला. जेथे तो चालतो त्या जागा आपणांस फारशा प्रतिष्ठित वाटत नाहीत, मुलांना तेथे पाठविताना आपण कचरतो. परंतु त्या मंडळींत एक रीत आहे. जुना खेळाडू आजारी पडला की त्याच्या नावाने एक दिवसाची स्पर्धा ठेवतात. प्रवेशशुल्क त्याच्या उपचारासाठी जाते, कोणी आपली आवडती काठी लिलावास काढतो, आणि जिंकणारा पुष्कळदा बक्षिसाची रक्कमही तेथेच ठेवून घरी जातो. सन २०२१ मध्ये जीनेट ली या प्रख्यात खेळाडूस बीजांडकोशाचा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा तिच्या तीन मुलींच्या भवितव्यासाठी निधी उभा राहिला आणि जगभरच्या पूल खेळणाऱ्यांनी त्यात भर घातली. आपल्याच गावातले उदाहरण हवे असेल तर दर फेब्रुवारीत येथील विद्यार्थी ४६ तास न बसता, न झोपता नाचतात. सन १९७३ पासूनची ही प्रथा आहे आणि १९७७ पासून तिचा पैसा कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना जातो. आजवर वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली आहे. आपली मुलेही त्यात नाचली आहेत. त्या रात्री आपण त्यांच्यासाठी पोहे घेऊन गेलो होतो, हे काहींना आठवत असेल.

आता आपल्याकडे वळू. भारतात क्रिकेटपटूंची स्थिती त्यातल्या त्यात बरी. नियामक मंडळाने २००४ साली माजी कसोटीपटूंना निवृत्तिवेतन सुरू केले आणि जून २०२२ मध्ये ते वाढविले. ज्यांना महिना १५,००० रुपये मिळत त्यांना ३०,००० झाले, ज्यांना ३७,५०० मिळत त्यांना ६०,०००. सुनील गावसकर यांनी १९९९ साली गरजू माजी खेळाडूंसाठी एक प्रतिष्ठान काढले. एप्रिल २०२५ पासून त्याच प्रतिष्ठानाने विनोद कांबळी यांना दरमहा ३०,००० रुपयांचे साहाय्य सुरू केले. मदत योग्य झाली. मात्र तत्पूर्वी कित्येक महिने त्या माणसाच्या पात्रतेची चर्चा चव्हाट्यावर चालली होती, ती ऐकवत नव्हती. अंशुमान गायकवाड यांची कथा याहून चटका लावणारी आहे. बडोद्याच्या मराठी घरातला हा फलंदाज. सन १९७६ मध्ये किंग्स्टन येथे त्याने कानावर चेंडूचा आघात सोसला. पुढे रक्ताच्या कर्करोगाने गाठले, तेव्हा संदीप पाटील यांनी वृत्तपत्रातून त्यांची अडचण मांडली, कपिल देव यांनी आपले निवृत्तिवेतन देऊ केले आणि जुलै २०२४ च्या मध्यास मंडळाने एक कोटी रुपये मंजूर केले. ३१ जुलै रोजी गायकवाड गेले. पैसा आला आणि माणूस गेला, यांत पुरते तीन आठवडेही नव्हते.

हे झाले चाळीस कसोटी सामने खेळलेल्या माणसाचे. कबड्डीच्या मैदानावर ज्यांनी ढोपरे फोडून घेतली, ज्यांचे नाव चाळीच्या चौकाबाहेर कोणाला ठाऊक नाही, त्यांचे काय, हा प्रश्न मी थोडा वेळ बाजूस ठेवतो. त्याकडे येण्यापूर्वी मला आपणांस पालवणकर बाळूंकडे न्यावयाचे आहे.

पी. बाळू हे नाव येथे बहुतेकांना माहीत आहे. चर्मकार समाजातील हा खेळाडू १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे जन्मला. पुण्यातील एका पारशी क्लबात झाडलोट करणे आणि खेळपट्टी लोटणे हे त्याचे पहिले काम, महिना तीन रुपयांवर. पुढे तो इंग्रजांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागला. तेथे गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्याचा डावरा हात तयार झाला. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन् तास त्याच्यापुढे सराव करी, आणि प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल त्याला आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. क्लबात त्याला फलंदाजी मात्र कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, फलंदाजी मानाची. वर्णव्यवस्था बावीस यार्डांतही कशी नीट बसविता येते पाहा.

पुण्याच्या हिंदूंना साहेबांस हरवावयाचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानात सर्वजण तोच चेंडू हाताळीत. चहाची वेळ झाली की इतरांना आत चिनी मातीच्या कपात आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे पान वेगळे. त्यांना पाणी द्यावयाचे तर तेही अस्पृश्य गड्याच्याच हातून. ज्या हाताचा चेंडू चालत होता त्या हाताचा पेला चालत नव्हता. प्लेगच्या काळात हे कुटुंब मुंबईस आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. सन १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो दौरा एकंदरीने अपयशीच ठरला, पण पस्तिशी गाठलेल्या बाळूंनी त्यात ११४ बळी घेतले.

परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र लिहिणारा तरुण होता भीमराव रामजी आंबेडकर. रामचंद्र गुहा यांनी क्रिकेटच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात याची नोंद केली आहे. दोन वर्षांनी, १९१३ साली, तोच तरुण कोलंबिया विद्यापीठात आला, येथून मोटारीने चार-साडेचार तासांवर. ज्याच्या लेखणीतून पुढे संविधान यावयाचे होते, तिने आरंभीच्या काळात एका गोलंदाजाचा गौरव केला, ही गोष्ट मला नेहमी सुखावते.

आमच्या स्मरणिकांतून हा प्रसंग पुष्कळदा येतो. आणि तेथेच थांबतो. आमच्या स्मरणिकांत बाळू १९११ साली संपतात.

प्रत्यक्षात ते आणखी चव्वेचाळीस वर्षे जगले. कर्तृत्व असूनही त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. सन १९२० मध्ये बाळूंना वगळण्यात आले आणि धाकट्या विठ्ठलला डावलून दुसऱ्यास कर्णधार केले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळण्यास नकार दिला. हा सत्याग्रहच होता, आणि महाडच्या सात वर्षे आधीचा. त्याचे फळ म्हणून १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. येथपर्यंतही आपल्याला अडचण वाटत नाही. अडचण पुढे आहे. सन १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध पक्षात उभे राहिले. पुणे कराराखाली त्यांचीही सही आहे. सन १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दि. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. नागपूरची दीक्षा त्यानंतर पंधरा महिन्यांनी झाली.

माझे मत विचाराल तर १९३२ साली बाळूंची भूमिका चुकीची होती, आणि १९३७ साली काँग्रेसने त्यांचा वापर करून घेतला. हे मी स्पष्ट बोलतो. परंतु त्यामुळे ११४ चे ११३ होत नाहीत. मातीच्या भांड्यातला तो चहा गोड होत नाही. आणि बाबासाहेबांनी लिहिलेले मानपत्र आपण त्यांच्या वतीने परत मागू शकत नाही.

हे सर्व मी का सांगतो आहे, त्याचे कारण थोडे लाजिरवाणे आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाकडे एक विनंती आली. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीतले एक वृद्ध कबड्डीपटू, वय सत्तरीपुढचे, दोन्ही मूत्रपिंडे निकामी, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. काही साहाय्य होईल का, असे त्यांच्या पुतणीने विचारले होते. दूरध्वनीवर बैठक झाली. त्या बैठकीत एकाने प्रश्न केला, ‘हे गृहस्थ दीक्षा घेतलेले आहेत का? चळवळीत कधी होते का? आणि असतील तर कोणत्या गटात?’ रिपब्लिकन पक्षाचे गट मोजण्यात मग अर्धा तास गेला, निर्णय पुढे ढकलला.

तो प्रश्न विचारणारा मीच होतो.

रात्री झोप येईना म्हणून विनयपिटकातली एक कथा पुन्हा वाचली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही ती घेतली आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेला होता. तथागत आणि आनंद फिरत फिरत तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे विचारल्यावर त्याने सांगितले की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडलो नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः ओतले, दोघांनी मिळून त्याला धुतले, एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचावर निजविले. मग भिक्खूंना एकत्र करून समजाविले की येथे तुम्हांला आई नाही, वडील नाहीत, तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर पाहणार कोण. ही कथा मी वीस वेळा तरी ऐकली असेन. त्या रात्री मात्र ‘उपयोगी पडलो नाही’ या शब्दांपाशी अडखळलो. त्या भिक्खूला मीही प्रथम त्याचा गटच विचारला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्या वृद्ध खेळाडूंना स्वतःच फोन लावला. आवाज खणखणीत होता. मी ‘काका’ म्हटले, त्यांनी ‘बाळ’ म्हटले आणि पंधरा मिनिटे स्वतःच्या चढायांचे वर्णन केले. आजाराविषयी दोनच वाक्ये बोलले. पुतणीने नंतर हिशोब सांगितला. डायलिसिस शासनाच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होते, त्याला पैसे पडत नाहीत. खर्च आहे तो टॅक्सीचा, रक्त वाढविण्याच्या इंजेक्शनांचा, पथ्याच्या आहाराचा, आणि आठवड्यातून तीन दिवस कामावर न जाणाऱ्या मुलाच्या बुडालेल्या रोजाचा. आपण परदेशातले लोक मोठ्या शस्त्रक्रियेस लगेच पैसे पाठवितो, कारण त्याचा आकडा डोळ्यांत भरतो. टॅक्सीचे भाडे कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. पण माणूस डायलिसिस चुकवितो तो पुष्कळदा त्या भाड्यापायीच.

मंडळाने मार्चपासून दरमहा एक ठरावीक रक्कम पाठविण्यास सुरुवात केली आहे. रक्कम मोठी नाही, पण ती दर महिन्याच्या एक तारखेस जाते, आणि पुतणी सांगते की तारखेचेच महत्त्व अधिक. शिवाय त्यांच्या जुन्या संघातील जे सोबती हयात आहेत, त्यांनी चाळीच्या चौकात त्यांचा सत्कार ठरविला. शाल व ग्रंथ द्यावयाचे ठरले, श्रीफळ नाही, कारण ते आपण सोडले. त्यावर काकांनी कळविले की नारळ द्या, पथ्यात पाणी चालत नाही पण खोबरे सुनेला चटणीला होईल. मंडळात यावर पुन्हा अर्धा तास चर्चा झाली. शेवटी शाल, ग्रंथ आणि नारळ, असे तिन्ही दिले. मानपत्रही दिले. त्यात ते कोणत्या गटाचे, हे लिहिलेले नाही. मला ते आजही ठाऊक नाही.

त्यांच्याच चाळीत आणखी दोघे आहेत, एक गोलरक्षक आणि एक मल्लखांबपटू. पुतणीने त्यांचीही कागदपत्रे पाठविली आहेत. दोघांपैकी एकजण बौद्ध नाहीत, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे बैठकीतला अर्धा तास वाचेल. चहाच्या टेबलाशेजारी खजिनदार ताई वही घेऊन बसल्या आहेत. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा महिन्याला दहा डॉलर लिहावेत, अशी त्यांची विनंती आहे, आणि नाव वाचता येईल असे लिहावे, अशीही.