आदिवासी कलावंतांना छोटे अनुदान : गरज आणि मार्ग

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे. कलेचा अभ्यासक नाही. परंतु पैसा माणसापर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत कुठे अडतो, हे रोज पाहतो. तेवढ्याच अधिकाराने आज बोलणार आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला नंदुरबार जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल, पावरा, मावची, कोकणा, तडवी अशा समाजांची बोली वेगळी, वाद्य वेगळे, नाच वेगळा. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी पाहायला लांबून लोक येतात. कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर पांढरे ठिपके, आणि रात्रभर ढोल. नवापूरकडे डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते. हे सगळे आपण छायाचित्रांत पाहतो आणि कौतुक करतो. पण हा ढोल कोणाच्या पैशाने मढवला जातो, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

उत्तर सरळ आहे. तो मजुरीच्या पैशाने मढवला जातो. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात. मुकादमाची उचल डोक्यावर असते. होळीला घरी यायचे तर तितक्या दिवसांची मजुरी बुडते. काठीला नाचणारा व्रत पाळतो, म्हणजे त्याचे आणखी काही दिवस जातात. म्हातारा वादक पोराला शिकवायला तयार असतो, पण पोराला सहा महिने मोकळीक नसते. म्हणून मी असे म्हणेन की, आदिवासी कलेचा खरा खर्च दिवसांचा आहे. साहित्याचा खर्च त्यानंतर येतो. अनुदान द्यायचे असेल तर ते प्रथम या दिवसांचे द्यावे लागेल.

याचे एक उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातले आहे. झाबुआकडच्या भिल समाजातील भुरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होत्या. दिवसाला सहा रुपये मजुरी. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना तुमच्या गावाकडची चित्रे काढून दाखवा, असे सांगितले. तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न आला तो मजुरी बुडेल हा. स्वामीनाथन यांनी मजुरीपेक्षा जास्त पैसे चित्र काढण्यासाठी दिले. रक्कम अगदी लहान होती. त्याच भुरीबाईंना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येकाला पद्मश्री मिळणार नाही, हे उघड आहे. पण त्या दिवशीची मजुरी कोणी भरून दिली नसती, तर ती चित्रे कागदावर आलीच नसती.

आता शासनाकडे काय आहे ते पाहू. महाराष्ट्र शासनाच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. २०२४पासून मानधन दरमहा ५,००० रुपये झाले. वयाची ५० वर्षे आणि कलाक्षेत्रातील किमान १५ वर्षे, अशा अटी आहेत. केंद्राच्या सांस्कृतिक केंद्रांमार्फत गुरू-शिष्य परंपरा योजना चालते. तिच्यात गुरूला महिना ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० रुपये अशी तरतूद आहे. महाराष्ट्रासाठी उदयपूर आणि नागपूर अशी दोन्ही केंद्रे आहेत. तळोदा व नंदुरबार येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत आणि स्थानिक गरजेच्या छोट्या योजनांसाठी न्यूक्लिअस बजेट असते. खाजगी क्षेत्रात टाटा स्टील फाउंडेशनच्या 'संवाद' उपक्रमातून आदिवासी तरुणांना सांस्कृतिक कामासाठी फेलोशिप मिळते.

म्हणजे दारे आहेत. मग माणूस दाराशी का अडतो?

पहिली अडचण पुराव्याची. अर्जासोबत वर्तमानपत्रातील कात्रणे आणि प्रमाणपत्रे लागतात. तोरणमाळच्या पाड्यावर चाळीस वर्षे ढोल वाजवणाऱ्याला प्रमाणपत्र कोणी दिले असेल? दुसरी अडचण नोंदणीची. पुष्कळ अनुदाने नोंदणीकृत संस्थेलाच मिळतात. इथे तर नाचणारा अख्खा पाडा असतो. तिसरी अडचण आमच्या काउंटरवरची. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, पासबुकावर तिसरे. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरू शकते, आणि मंजूर रक्कम परत जाते. चौथी अडचण हिशेबाची. उपयोगिता प्रमाणपत्र मराठी किंवा इंग्रजीत हवे, आणि काम झालेले असते पावरी किंवा मावची बोलीत.

यावर उपाय आहेत, आणि ते आपल्या आवाक्यातले आहेत. १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे. मग कलावंत कोण, हे ग्रामसभेच्या ठरावाने सांगता येईल. वर्तमानपत्राच्या कात्रणापेक्षा तो ठराव अधिक खरा असेल. अनुदान देणाऱ्यांनी तो पुरावा मानावा, अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे. गटासाठी दोघा-तिघांच्या सहीने चालणारे खाते काढता येते. सही येत नसेल तर अंगठ्यावरही खाते चालते. हिशेबासाठी वहीत तारीख, रक्कम, कशासाठी, एवढे चार शब्द पुरेत. अहवाल बोलीत सांगावा, मोबाईलवर रेकॉर्ड करावा, आणि एखाद्या विद्यार्थ्याने तो मराठीत उतरवावा.

मित्रहो, इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. पैसे देणाऱ्याला वाटते की नाच आपल्या सोयीने, आपल्या मंचावर, दहा मिनिटांत व्हावा. व्रताचा नाच हा करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. काय दाखवायचे आणि काय दाखवायचे नाही, हे पाड्याने ठरवावे. आपल्या भूमीतले कवी वाहरू सोनवणे यांचा भिली कवितासंग्रह 'गोधड' १९८७ साली आला. आदिवासींच्या वतीने दुसऱ्यांनीच बोलत राहण्याची सवय त्यांच्या कवितेने उघडी पाडली. अनुदानाच्या नावाखाली तीच सवय परत येऊ नये.

आपल्या समाजाला हे समजायला कठीण जाऊ नये. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या मंडळींनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले, ते वस्तीच्या भाकरीवर आणि वर्गणीवर. त्यामागे मोठी तिजोरी नव्हती. त्या वर्गणीने काय काम केले, हे आपण जाणतो.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी. तुमच्या वर्गात अक्राणीचे, अक्कलकुव्याचे, नवापूरचे मित्र आहेत. त्यांच्या आजोबांना या योजना विचारत बसण्यासाठी तालुक्याला खेपा घालाव्या लागू नयेत. सुट्टीत गावी जाताना अर्ज घेऊन जा. नावे जुळतात का ते पाहा. खाते चालू आहे का ते पाहा. ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना लिहून द्या. नर्मदेवरील सरदार सरोवरात आपल्याकडील ३३ गावे बाधित झाली. विस्थापितांबरोबर गाणी खाली वसाहतींत आली, पण ती जाणणारी माणसे आता थकली आहेत. त्यांना वेळ फार नाही.

आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक सूचना. दरवर्षी एका वादकाकडे एका मुलाने शिकावे, एवढ्यापुरती मजुरी आपण वर्गणीतून भरून देऊ शकतो. रक्कम लहान असली तरी चालेल. ती होळीच्या आधी, माणूस ऊसतोडीची उचल घेण्यापूर्वी, त्याच्या हातात पडली पाहिजे. उशिरा आलेल्या मोठ्या रकमेने बुडालेला दिवस परत येत नाही.



जयभीम! जय जोहार!