ऑर्केस्ट्रातील कलावंत आणि आपला समाज
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात येडशी येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षण अथवा हुंडा यांपैकी एखादा विषय घ्यावा अशी त्यांची अपेक्षा होती. हे विषय थोर आहेत. परंतु त्यांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. आज आम्ही अशा एका वर्गाविषयी बोलणार आहोत, की ज्याचा उल्लेख आपल्या अहवालात आजवर कधी आला नाही. आपल्या समाजातील जी मुले ऑर्केस्ट्रात वाजवितात, गातात आणि वर्षातील शेकडो रात्री मोटारीत काढतात, त्यांच्याविषयी आम्हांस आपणांशी बोलावयाचे आहे.

येडशीच्या माणसास हा वर्ग अपरिचित नाही. आपले गाव रस्त्यांच्या सांध्यावर वसले आहे. सोलापूर-धुळे महामार्ग इथून जातो आणि बार्शी-लातूरची वाटही इथेच येऊन मिळते. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येथे थांबत असे. अवघ्या अडीच फुटांच्या रुळांवरून धावणाऱ्या या गाडीचा पहिला टप्पा कुर्डुवाडी ते बार्शी असा १८९७ साली सुरू झाला, पुढे ती लातुरापर्यंत आली आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग रुंद झाला. त्या छोट्या गाडीतून ढोलकी, पेटी आणि ट्रंका घेऊन उतरणारी मंडळी आमच्या पिढीने पाहिली आहेत. आज तीच मंडळी टेम्पोतून येतात. पहाटे तीन वाजता फाट्यावरील हॉटेलात चहा पिताना एखाद्याच्या अंगात अजून चमकीचा कोट असतो आणि डोळ्यांत झोप असते. गाव उठण्यापूर्वी ती पुढे निघून गेलेली असतात.

ही मंडळी करतात तरी काय? त्यांतील एकजण मुकेश यांच्या आवाजात गातो, दुसरा रफीसाहेबांच्या, तिसरा किशोरकुमारांच्या. आणि एखादी मुलगी लताबाई व आशाबाई या दोघींचीही गाणी एकाच रात्री सांभाळते. मुकेश २७ ऑगस्ट १९७६ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी गेले. रफीसाहेब ३१ जुलै १९८० रोजी आणि किशोरकुमार १३ ऑक्टोबर १९८७ रोजी निवर्तले. लताबाईही ६ फेब्रुवारी २०२२ रोजी आपणांतून गेल्या. ज्यांना या थोरांच्या मैफलीस कधी जाता आले नाही, अशा लक्षावधी लोकांना त्यांचे गाणे समोर उभे राहून ऐकविण्याचे काम या मंडळींनी केले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुकेशही गेले ते कार्यक्रमाच्या दौऱ्यावर असतानाच, घरापासून सातासमुद्रांपलीकडे. गाणाऱ्याच्या कपाळी प्रवास लिहिलेलाच असतो. मग तो मूळ गायक असो वा त्याच्या सुरात गाणारा असो.

काही विद्वान मंडळी म्हणतात, "ही नक्कल आहे, यात कला ती कोणती?" या आक्षेपाचा थोडा विचार करू.

वाल्मीकींनी रामकथा रचली आणि ती प्रत्यक्ष रामचंद्रांपुढे गाऊन दाखविली कुश-लवांनी. काव्य दुसऱ्याचे आणि कंठ या बालकांचा; तरी त्यांना कोणी नक्कल करणारे म्हटले नाही. आपल्या गावी कीर्तनकार येतात ते तुकोबांचे अभंग गातात. स्वतःचे का गात नाहीत, असे आपण विचारीत नाही. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित होऊ लागले. एकंदर ५६ गीते झाली. बाबूजींनी स्वतः त्याचे असंख्य कार्यक्रम केले. २००२ साली ते गेले. परंतु गीतरामायण थांबले नाही, कारण त्यांच्या चाली तशाच्या तशा जपून गाणारी माणसे मागे होती. ज्याची परंपरा जपली जाते तो अमर होतो. तेव्हा जपणाराही काही थोडाबहुत मान मिळण्यास पात्र आहे, असे आमचे नम्र मत आहे.

शिवाय हे काम दिसते तितके सोपे नाही. चित्रपटातील एका गाण्यामागे पूर्वी चाळीस-पन्नास वादक बसत असत. त्यांत गोव्याकडील व्हायोलिनवादक मोठ्या संख्येने होते. त्यांपैकी अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील नायकाला नाव मिळाले ते त्यांचेच. अशा पन्नास जणांनी जे वाजविले ते रंगमंचावर आठ-दहा जणांनी उभे करावयाचे असते. गाण्याच्या आरंभीचा आणि दोन कडव्यांमधील वाद्यांचा तुकडा, ज्याला ही मंडळी 'म्युझिक पीस' म्हणतात, तो श्रोत्यांच्या कानांत वर्षानुवर्षे बसलेला असतो. त्यात एक सूर इकडचा तिकडे झाला तर मागच्या रांगेतील पानवाल्यासही कळते. शास्त्रीय गवयास चूक झाली तर ती तानेत लपविता येते. यांना ती मुभा नाही. नोटेशन लिहिलेले फारसे कोठे मिळत नाही. म्हणून पूर्वी ध्वनिमुद्रिका आणि पुढे कॅसेट मागेपुढे फिरवून, कानाने ऐकून एकेक तुकडा बसवावा लागे. आमचा एक विद्यार्थी आज ऑक्टोपॅड वाजवितो. चौथीत पाढे पाठ होईनात म्हणून जो नित्य बाकावर उभा असे, त्यास आज तीनशेहून अधिक गाण्यांचे ठेके मुखोद्गत आहेत. पाठांतराची शक्ती त्याच्या ठायी होती. तिला आवडीचा विषय मिळावयाचा होता इतकेच.

आता त्यांच्या दिनचर्येकडे पाहू. याच विद्यार्थ्याने आम्हांस ती सांगितली आहे. कार्यक्रम दोनशे किलोमीटरवर असला तर सकाळीच टेम्पो निघतो. पेट्या, ध्वनिक्षेपक, ड्रम यांच्यावरच माणसे बसतात. दुपारी पोहोचल्यावर सामान उतरविणे, वायरी जोडणे, आवाजाची चाचणी घेणे. जेवण यजमानाच्या मर्जीवर. कधी पंक्तीत मानाने, तर कधी मंडपामागे उभ्याने. मग कपडे बदलून हसऱ्या चेहऱ्याने तीन तास उभे राहावयाचे. फर्माईश आली की ते गाणे बसविलेले असो वा नसो, ते वाजलेच पाहिजे. कार्यक्रम संपल्यावर पुन्हा वायरी गुंडाळणे, सामान चढविणे आणि रात्रीचा प्रवास. घरी परततात तेव्हा मुले शाळेत गेलेली असतात. "गुरुजी, मुलगा जागा असताना मी त्याला आठवड्यातून दोनदाच पाहतो," असे तो बोलला. त्यात तक्रार नव्हती, पण ते शब्द आमच्या मनातून जात नाहीत.

गणेशोत्सव, नवरात्र, कोजागरी, लग्नसराई आणि चैत्रातील जत्रा हा यांचा हंगाम. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमा ही आपल्या परिसरातील मोठी यात्रा. अशा यात्रांच्या सुमारास यांस उसंत नसते आणि पावसाळ्यात काम नसते. मिळकत 'नाइट'वर, म्हणजे जितक्या रात्री उभे राहिले तितक्याच रात्रींची. आजारी पडले की चूल थंड. तमाशाच्या फडांत तरी हंगामाचा करार असतो. नारायणगावी राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात आणि फडमालकास हंगामाचा अंदाज येतो. ऑर्केस्ट्रातील वादकाचा करार मात्र बहुधा तोंडचाच असतो.

काळही यांच्यावर अनेकदा उलटला. इ. स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांन्वये रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपकास बंदी आली आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वर्षातील फार तर पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, राज्य शासनास सूट देता येते. नियम योग्यच आहे. आजारी व विद्यार्थी यांस झोप हवी. परंतु पहाटेपर्यंत रंगणारे कार्यक्रम त्याने आटोपले. दुसरा आघात यंत्राचा. गायकाविना सर्व वाद्ये आधीच भरलेली पट्टी मिळू लागली आणि दहा वादकांचे काम खिशातील एका लहानशा तुकड्यावर होऊ लागले. गायक राहिला, वादक घरी बसला. तिसरा आघात २०२० च्या मार्च महिन्यातील टाळेबंदीचा. पुढील दोन वर्षे यात्रा-उत्सव जवळजवळ बंदच होते. त्या काळात आमच्या या विद्यार्थ्याने भाजीची गाडी चालविली. ऑक्टोपॅड मात्र विकला नाही.

बंधुभगिनींनो, इतके ऐकून आपण म्हणाल, गुरुजींनी व्यथा सांगितली, उपाय काय? तर आमच्या तीन सूचना आहेत. त्या मंडळाने मनावर घ्याव्यात अशी प्रार्थना आहे.

पहिली सूचना सुरक्षिततेची. रात्रीचा प्रवास हा या धंद्यातील सर्वांत मोठा धोका आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वयाच्या १८ ते ७० वर्षांपर्यंत बँकेत खाते असणाऱ्यास वर्षाकाठी केवळ २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे विमासंरक्षण मिळते. वीस रुपये म्हणजे फाट्यावरील दोन कप चहा! असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २०२१ पासून सुरू आहे. तीतही यांची नावे घालता येतात. उतारवयातील कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. परंतु तिच्यासाठी कार्यक्रमांच्या पत्रिका, कात्रणे, प्रमाणपत्रे असे पुरावे लागतात आणि आपल्या कलावंतांजवळ कागद म्हणून काही नसतो. म्हणून प्रत्येकाने एक वही ठेवावी: तारीख, गाव, यजमान, बिदागी. मंडळाच्या कचेरीत आठवड्यातून एक सायंकाळ हे अर्ज भरून देण्याची सोय व्हावी. हे काम आम्ही स्वतः विनावेतन करू. सेवानिवृत्त शिक्षकाचे अक्षर बरे असते आणि त्यास वेळही असतो.

दुसरी सूचना व्यवहाराची. आपल्याच ज्ञातीचा मुलगा आहे म्हणून त्याने संमेलनात फुकट वाजवावे, ही अपेक्षा आपण सोडून द्यावी. मंडपवाला आपला, आचारी आपला. त्यांस आपण पैसे देतो. मग वादकासच 'घरचा आहे' हे का ऐकविले जाते? घरचा आहे म्हणूनच त्याची बिदागी आधी हातावर ठेवावी. आणि जेवणाच्या पंक्तीत त्याचे पान आपल्या पानाशेजारी असावे. गाण्याचे जे मूळ धनी आहेत, त्या कवी-संगीतकारांचाही हक्क विसरू नये. १९५७ च्या कायद्यात २०१२ साली सुधारणा होऊन त्यांच्या मानधनाचा हक्क अधिक बळकट झाला आहे. व्यावसायिक कार्यक्रम ठेविल्यास त्याचा परवाना रीतसर घ्यावा. तो भार वादकावर ढकलू नये.

तिसरी सूचना सर्वांत नाजूक. पण आज आम्ही येथे उभे आहोत ते मुख्यतः तिच्यासाठीच. आपल्या वधू-वर मेळाव्यात मुलाचा व्यवसाय 'ऑर्केस्ट्रा' असा वाचला की टाचण बाजूस सारले जाते. जी मुलगी रंगमंचावर गाते, तिच्याविषयी तर कुजबुजही होते. गेल्या मेळाव्यात अशा एका मुलीच्या वडिलांनी टाचणावर 'गायिका' हा शब्द खोडून 'घरकाम' असे लिहिलेले आम्ही पाहिले. मुलगी शेजारीच उभी होती. तिने काही म्हटले नाही, खाली पाहिले. त्या खोडलेल्या शब्दाइतकी मोठी हानी कोणत्याही यंत्राने वा टाळेबंदीने केलेली नाही. याच मुलीच्या कमाईवर धाकट्या भावाचे शिक्षण चालले आहे, हे तेथील पुष्कळांस ठाऊक होते. नवरात्रात तिचे गाणे ऐकून टाळ्या वाजवावयाच्या आणि मेळाव्यात तिचा कागद उलटा ठेवावयाचा, हा कोणता न्याय? मुलगा व्यसनी आहे काय, घरी पैसा देतो काय, आईवडिलांस विचारतो काय, हे अवश्य पाहावे. हे तर कारकुनाविषयी आणि शिक्षकाविषयीही पाहिलेच पाहिजे. परंतु केवळ धंदा पाहून माणूस नाकारू नये. पुढील मेळाव्याच्या टाचणात 'कलावंत' हा शब्द छापील रकान्यात असावा, असा ठराव आम्ही मांडीत आहोत.

आणि दोन शब्द तरुण कलावंतांस. बाबांनो, निदान बारावीपर्यंतचे शिक्षण पुरे करा. आवाज आणि बोटे जन्मभर साथ देतीलच असे नाही. बिदागीतील दहावा हिस्सा पोस्टात टाका. चालकाच्या डोळ्यांवर झोप दिसली की गाडी थांबवा. यजमान रागावला तरी चालेल. सुरात दुसऱ्याचा आवाज आणा. पण वागणुकीत कोणाची नक्कल करू नका. आणि वर्षातून एखादे तरी गाणे स्वतःच्या आवाजात गा, मग तो ऐकणारी तुमची मुलेच असोत.

आमचा ठराव सभेपुढे आहे. त्यास अनुमोदन द्यावे ही विनंती.