अनुदान ही भीक नव्हे, आपल्याच घामाची परतफेड होय

(लासूर स्टेशन येथें जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



जुनें लासूर शिवना नदीच्या कांठीं आहे, पण ही पेठ वाढली ती रेल्वेच्या स्टेशनाभोवतीं. निजामाच्या राज्यांत मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० सालच्या सुमारास सुरू झाली. तेव्हांपासून आमच्या शिवारांतला माल येथून भरून बाहेर जात आहे. जो माल गेला त्याची नोंद अडत्याच्या वहींत सांपडते. पण आम्ही सरकारास कराच्या रूपानें जें देतों, त्यांतून आमच्या दवाखान्याला, घराला, गाडीभाड्याला आणि मुलांच्या शिक्षणाला काय परत यावयाचें, याची वही मात्र कोणापाशींच नाहीं. आज आम्ही तेवढाच हिशेब मांडणार आहों.

प्रथम हा पैसा कोणाचा, तें पाहूं. सरकारी मदत म्हटली कीं आमचा शेतकरी हात जोडतो आणि म्हणतो, ‘मायबाप सरकारनें दिलें, उपकार झाले.’ बांधवांनो, हा समज मनांतून काढून टाका. १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढें निवेदन दिलें. त्यांचें म्हणणें सरळ होतें : सरकारचा बहुतेक वसूल राबणाऱ्या रयतेच्या घामांतून निघतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर; ज्याच्या कष्टानें तिजोरी भरली त्याच्या पोराला मात्र गांवांत धड शाळा नाहीं. त्या काळीं शेतसाऱ्यावर रुपयामागें एक आणा लोकल फंड म्हणून वेगळा घेत असत. म्हणजे शाळेसाठीं पैसा कुणब्यानें द्यावयाचा आणि शिकावयाचें दुसऱ्यानें!

आज शेतसारा नांवापुरता उरला आहे. पण डिझेल घ्या, खताची गोणी घ्या, साबणाची वडी घ्या, कर भरल्यावांचून कांहींच हातीं येत नाहीं. गवंडी, सुतार, बिगारी यांच्यासाठीं तर स्वतंत्र कायदाच झाला. १९९६ च्या कायद्यान्वयें मोठ्या बांधकामाच्या खर्चावर शेंकडा १ रुपया उपकर सुरू झाला, आणि तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठींच वापरावयाचा असतो. ज्यानें वर्षांत ९० दिवस बांधकामावर काम केलें आहे, त्यानें कामगार मंडळांत नोंदणी केली तर त्याच्या मुलांस पहिलीपासून शैक्षणिक साहाय्य मिळतें, घरच्या आजारपणांतहि मदत होते. त्याच्याच नांवानें गोळा झालेला हा पैसा आहे. तो मागतांना मान खालीं घालण्याचें कारणच काय?

दुसरी गोष्ट, अशा मदतीनें काय घडतें? कवळाणें गांवच्या शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. त्या सयाजीरावांनीं १९१३ सालीं भीमराव आंबेडकर नांवाच्या तरुणास अमेरिकेंत शिकण्यासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली. त्या साडेअकरा पौंडांचें फळ काय निघालें, हें या देशाच्या राज्यघटनेकडे बोट दाखवून सांगतां येईल. पुढें १९५० सालीं त्याच बाबासाहेबांनीं आपल्या जिल्ह्याच्या गांवीं, औरंगाबादेंत, महाविद्यालय काढलें आणि मराठवाड्यांतल्या गरिबांच्या मुलांस उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून एकामागून एका जातीच्या मुलांसाठीं बोर्डिंगें उभीं केलीं, कारण खेड्यांतला मुलगा बुद्धीनें कमी नव्हता. शहरांत त्याला राहावयास खोली आणि खावयास भाकरी नव्हती, एवढेंच. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतल्या मुलांच्या अन्नासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचें मंगळसूत्रहि विकलें. तें राजांचें औदार्य होतें, माउलीचा त्याग होता. आज तीच मदत नियमानें आणि हक्कानें मिळावयाची आहे. आतां कोणा माउलीचें मंगळसूत्र मोडण्याची गरज नाहीं. पण अर्ज मात्र वेळेवर गेला पाहिजे.

आतां एकेक बाब पाहूं.

आरोग्याची गोष्ट आधीं, कारण शेतकऱ्याचें घर कर्जांत बुडतें तें पुष्कळ वेळां दवाखान्यामुळें. २०१२ सालीं कांहीं जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ पासून तिचें नांव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असें आहे. पूर्वीं तींत कुटुंबास वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत. २०२४ पासून ही मर्यादा ५ लाख रुपयांची झाली असून राज्यांतल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांस ती लागू आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, मूत्रपिंडाचा आजार असे मोठे उपचार तींत बसतात. पण दोन गोष्टी गांठीं बांधा. एक, ही योजना ठरलेल्या आजारांपुरती आणि ठरलेल्या रुग्णालयांतच चालते. अंगीकृत नसलेल्या दवाखान्यांत आधीं भरती होऊन पैसे भरले, तर मागाहून ते परत मिळत नाहींत. दुसरी, योजनेच्या प्रत्येक रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ नांवाचा माणूस बसलेला असतो. रोग्याला दारांतून आंत नेतांच पहिली चौकशी त्याच्याकडे करा. ही एवढी माहिती नसल्यामुळें बैलजोडी विकून ऑपरेशन केलेलीं घरें आपल्या प्रत्येक गांवांत सांपडतील.

बाळंतपणाचेंहि तसेंच. २०११ पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, औषध आणि जेवण मोफत आहे. बाईला घरून आणण्याची आणि परत पोंचविण्याची गाडीहि मोफत आहे. तिच्यासाठीं १०२ हा क्रमांक, आणि अपघात अथवा जिवावरच्या दुखण्यासाठीं १०८. हे दोन क्रमांक चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानें लिहून ठेवा. येथून घाटीचा दवाखाना जवळ नाहीं. त्या वाटेवर गेलेला एक तास जिवाला महाग पडतो.

दुसरी बाब घराची. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागांत २०१६ पासून चालू आहे. सपाट मुलखांत घरकुलास १,२०,००० रुपये मिळतात, ते बांधकाम पुढें सरकेल तसे हप्त्यानें खात्यांत जमा होतात. शौचालयाचे १२,००० वेगळे. राज्य सरकारनें २०२५ सालीं आणखी ५०,००० रुपयांची भर घालण्याचें ठरविलें. त्यांतले १५,००० छतावर सौर वीज बसविणाऱ्यासाठीं आहेत. याशिवाय अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीं रमाई, आदिवासींसाठीं शबरी, भटक्या-विमुक्तांसाठीं यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा योजना आहेत. ज्याला पाय टेकावयास जागाच नाहीं, त्याला जागा खरेदीसाठींहि साहाय्य मिळतें. बहुतेकांस हें ठाऊकच नसतें. एवढ्या पैशांत घर पुरें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. सिमेंट, वाळू, लोखंड यांचे भाव आपण जाणतां. पण यादींत नांव असतांना केवळ पहिल्या हप्त्याचा पाया उघडा टाकून दुसरा हप्ता गमावणें, हें कोणत्याहि हिशेबानें परवडणारें नाहीं.

तिसरी बाब प्रवासाची. शाळा आहे पण वाट नाहीं, म्हणून मुलीची शाळा सुटते. एस. टी. मध्यें पांचवी ते बारावीच्या मुलींस अहिल्याबाई होळकरांच्या नांवाचा मोफत पास आहे, आणि तो शाळेंतच देण्याची व्यवस्था झाली आहे. इतर विद्यार्थ्यांस भाड्यांत दोनतृतीयांश सवलत आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धें भाडें, आणि ७५ वर्षांवरील म्हाताऱ्यांस प्रवास मोफत. पण गाडीच वेळेवर येत नसेल तर पास काय चाटावयाचा? समृद्धी महामार्ग आमच्या गंगापूर-वैजापूर तालुक्यांतून गेला. त्यावरून मोटारी वाऱ्यासारख्या धांवतात, आणि आमची पोर मात्र फांट्यावर उभी! तेव्हां ग्रामसभेचा ठराव करून, मुलींची संख्या आणि शाळेची वेळ लिहून, तो गंगापूर आगाराकडे द्या. एकट्यादुकट्याची तक्रार कपाटांत पडते. गांवाच्या ठरावाला उत्तर द्यावें लागतें.

चौथी बाब शिष्यवृत्तीची. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेंत आठवींत शिकणाऱ्या मुलासाठीं एक परीक्षा असते. सातवींत ५५ टक्के गुण असले, अनुसूचित जाती-जमातींस ५० टक्के, आणि घरचें उत्पन्न साडेतीन लाखांच्या आंत असलें, म्हणजे परीक्षेस बसतां येतें. निवड झाली कीं नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पास होऊनहि यादींत न आलेल्या मराठा-कुणबी मुलांस पुण्याची सारथी संस्था वर्षाला ९,६०० रुपये देते. पुढें महाविद्यालयांत शाहू महाराजांच्या नांवाची शुल्क शिष्यवृत्ति आहे; २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरच्या इतर मागास, मराठा व आर्थिक दुर्बल वर्गांतल्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण शुल्कमाफी आहे. शहरांत राहण्याच्या खर्चासाठीं अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांस पंजाबराव देशमुखांच्या नांवाचा भत्ता, अनुसूचित जातींच्या मुलांस स्वाधार, इतर मागासांस सावित्रीबाईंच्या नांवाची आधार योजना आहे.

हीं नांवें ऐका : जोतीराव, सावित्रीबाई, शाहू, बाबासाहेब, पंजाबराव, अहिल्याबाई. सगळीं आपल्या घरचीं! मग दार परकें कां वाटतें?

याचें कारण जुनेंच आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना जोतीरावांनीं दाखविलें कीं, शेतकऱ्याला नाडणारा नुसता सावकार नसतो. ज्याच्या हातीं कागद आणि लेखणी असते, तोहि असतो. आज लेखणीच्या जागीं संगणक आला, पण मधला माणूस गेला नाहीं. तो आज कोणा एका जातीचा राहिलेला नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. तो आपल्याच भावकींतला, आपल्याच पंगतीचा असतो. घरकुलाच्या हप्त्यांतून तो ‘चहापाणी’ कापतो, दाखल्यासाठीं दर सांगतो, आणि वर आपल्यावर उपकार केले म्हणून मतहि मागतो. त्याचें भांडवल एकच, आपलें अज्ञान.

अर्ज बाद होतात तेहि क्षुल्लक कारणांनीं. सातबाऱ्यावर नांव एक, आधारावर दुसरें. बँकेचें खातें आधाराशीं जोडलेलें नसतें. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षाचा असतो. जातीचा दाखला काढावयाचा म्हणतां म्हणतां मुदत संपते. सरकारहि निर्दोष नाहीं; मंजूर शिष्यवृत्ति वर्ष उलटून येते आणि तोंवर पोरगें खोलीचें भाडें उसनवारीनें भरतें. म्हणूनच आपला कागद चोख पाहिजे. ज्याचा कागद चोख तोच ताठ मानेनें विचारूं शकतो.

तर करावयाचें काय? पहिलें, प्रत्येक गांवानें एक वही घालावी. घरागणिक एक पान : रेशनकार्ड आहे काय, खातें आधाराशीं जोडलें काय, दाखले कोणत्या सालचे, आठवींत कोण, बाळंतीण कोण, घर कच्चें कीं पक्कें. गांवांतल्या दोन शिकलेल्या मुलांनीं, त्यांत एक मुलगी असावी, ही वही राखावी. दुसरें, दाखल्याचा अर्ज दिला कीं पोच घेतल्यावांचून खिडकी सोडूं नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें प्रत्येक दाखल्यास दिवस ठरवून दिले आहेत. ते टळले तर अपील करतां येतें, आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. तिसरें, ग्रामसभा. वर्षांत निदान चार व्हावयाच्या असतात. घरकुलाची यादी तेथें मोठ्यानें वाचून घ्या. ज्याचें माडीचें घर आहे त्याचें नांव यादींत निघालें आणि विधवेचें गळालें, तर तेथेंच उभें राहून विचारा. मागाहून पारावर कुजबुजून उपयोग नाहीं. बायाबापड्यांनींहि पदर खोंचून पुढें बसावें. चौथें, दलाली देऊं नये आणि कोणी घेत असेल तर त्याला गांवानें मिळून अडवावें, मग तो सोयरा असो कीं पुढारी.

या कामाला वर्गणी नको, इमारत नको, मोठा पुढारीहि नको. एक वही, एक पेन, आणि महिन्यांतून एक रात्र पुरे. आज उठण्यापूर्वीं प्रत्येक गांवच्या मंडळींनीं आपल्या गांवांत आठवींत असलेल्या मुलामुलींचीं नांवें एका कागदावर लिहावीं, आणि उद्यां सकाळीं तो कागद घेऊन गुरुजींकडे जावें. वहीचें पहिलें पान तेंच होईल.