हृदयाची वीज आणि वेळेचे मोल



मानवी हृदय दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावते. या प्रत्येक ठोक्यामागे विजेचा एक क्षीण प्रवाह असतो. उजव्या कर्णिकेतील पेशींच्या लहानशा पुंजक्यात तो उगम पावतो, दोन्ही कर्णिकांतून पसरतो आणि क्षणमात्र थबकून जवनिकांत उतरतो. शरीर विद्युद्‌वाहक असल्याने त्याचा अंश त्वचेपर्यंत पोहोचतो. छातीला छेद न देता हृदयाची वार्ता कळते, ती यामुळेच.

ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये लंडन येथे मानवी हृदयाचा असा आलेख प्रथम नोंदविला. हॉलंडचे विलेम आइंटहोवेन यांनी त्यास व्यवहारोपयोगी रूप दिले. त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक लाभले. आज हातापायांवर व छातीवर मिळून दहा इलेक्ट्रोड लावून काढला जाणारा कार्डिओग्राम हा त्याच संशोधनाचा वारसा होय.

विज्ञान येथेच थांबलेले नाही. अमेरिकेत योराम रूडी व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये एका नव्या तंत्राचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे अडीचशे इलेक्ट्रोड असलेले जाकीट रुग्णास घालतात, छातीचे सीटी स्कॅन काढतात आणि दोहोंची सांगड घालून संगणक हृदयाच्या पृष्ठभागावरील विद्युत्‌प्रवाहाचा नकाशा रेखाटतो. हृदयाची लय नेमकी कोठे बिघडते, हे त्यावरून समजू शकते. मात्र छातीत कळ आलेल्या रुग्णास प्रथम आवश्यक असतो तो साधा कार्डिओग्रामच.

तो वेळेवर निघणे, हा खरा प्रश्न आहे. गणेशोत्सवापूर्वी पेणच्या मूर्तिशाळांत अहोरात्र काम चालते. तेथील एखाद्या कारागिराचा डावा हात भरून आला, तर मातीची पोती उचलल्याने दुखत असेल, असे त्यास वाटते. रोह्याजवळील धाटाव येथे पाळीवरून परतलेला कामगार छातीतील जळजळ पित्तावर ढकलतो आणि सकाळची वाट पाहतो. कारण पुष्कळदा साधेच असते. परंतु ते घरी बसून ठरविता येत नाही. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली असेल, तर सरणाऱ्या प्रत्येक घटकेगणिक स्नायू निकामी होत जातो. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या बारा तासांत, आणि त्यातही जितके लवकर तितके अधिक गुणकारी ठरते.

पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. रुग्ण पोहोचल्यापासून दहा मिनिटांत कार्डिओग्राम निघावा, असा वैद्यकीय दंडक आहे. पहिला आलेख निर्दोष दिसला तरी वेदना कायम असल्यास तो पुन्हा काढावा लागतो. म्हणून रुग्णाने घरी परतण्याची घाई करू नये.

यंत्र केवळ आलेख काढते. रुग्णास त्या यंत्रापर्यंत वेळेवर नेणे, हे घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे कर्तव्य आहे.