पदकाच्या कडेला नाव असतं

नळदुर्ग परिसरातल्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आज हप्त्याचा विषय नाही, पदकाचा आहे.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया अजून ‘पोलीस ॲक्शन’च्या आधीचं आणि नंतरचं असा काळ मोजतात. तो दिवस १३ सप्टेंबर १९४८, सोमवार. भारताची फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली आणि पहिली मोठी गाठ नळदुर्गला पडली. बोरी नदीवरचा पूल हाती आल्याशिवाय हैदराबादचा रस्ता मोकळा होत नव्हता. शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे हवालदार बचित्तर सिंग त्या दिवशी किल्ल्याजवळ लढत होते. मांडीत गोळ्या घुसल्या, तरी सरपटत पुढं गेले आणि दोन हातबॉम्ब टाकून समोरची मशीनगन बंद पाडली. त्या लढाईतच ते गेले. माणूस पंजाबातल्या लोपों गावचा, देह ठेवला आपल्या शिवारात.

त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हे पदक १९५२ साली सुरू झालं आणि त्याच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत ते आहेत. रणांगणावर शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्याला परमवीरचक्र, त्याबाहेरच्या शौर्याला अशोकचक्र. हैदराबादची कारवाई सरकारी भाषेत युद्ध नव्हती, पोलीस कारवाई होती. मरणारा मात्र सैनिकच होता, हे आम्हाला इथं बोलावंसं वाटतं.

आणखी एक गोष्ट. या चक्राचं चित्र काढलं एका बाईनं. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही मुलगी मराठी घराची सून झाली, सावित्रीबाई खानोलकर झाली. त्यांचे मालक विक्रम खानोलकर शीख रेजिमेंटमध्येच अधिकारी होते. परमवीरचक्रही सावित्रीबाईंनीच रेखलं. अशोकचक्राच्या मधोमध चक्र, भोवती कमळाची माळ, हिरव्या फितीत मधे केशरी पट्टी.

असं पदक आपल्या पेटीत नसेल, पण फौजेत गेलेल्यांच्या घरी स्मृतिपदकं असतात. १९७२ साली स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली, तेव्हा नोकरीत असलेल्या जवानांना असं पदक मिळालं होतं. घरात कुणाला ठाऊक नसतं, पोरं खेळायला घेतात. दिवाळीला तांब्यापितळेबरोबर तेही चिंच लावून घासलं जातं. बायांनो, तेवढं करू नका. बऱ्याच पदकांच्या कडेला बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. संग्रहालयात पदक आलं की आधी ती कड बघतात. नाव झिजलं की ते नुसतं धातूचं चकतं. कोरड्या मऊ कापडानं पुसा, सुती फडक्यात गुंडाळा, फीत धुऊ नका, आणि सोबत चिठ्ठी ठेवा: कुणाचं, कोणत्या पलटणीतलं, कधी मिळालं. तेरचं संग्रहालय बघितलंत ना? रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू एकेक करून जपल्या, म्हणून ते उभं राहिलं.

बायांना पदक कुणी दिलं नाही. पण त्या सोमवारी चुली सोडून, लेकरं काखेला मारून रानात गेलेल्या आज्या अजून काही घरांत आहेत. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की एकीला तरी विचारा: आजी, तेव्हा तुम्ही कुठं होतात, काय खाल्लंत, परत कधी आलात? इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. खाली तारीख टाका आणि आजीची सही किंवा अंगठा घ्या.