टायरची जन्मतारीख

(मेढा येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय ‘दुचाकीची काळजी’ असा छापलाय. तेल, साखळी, ब्रेक, प्लग, सगळ्यावर थोडं थोडं बोला, असं व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. पण त्यातलं बहुतेक तुम्हाला येतंच. ज्या घरापुढे गाडी उभी नाही असं घर आता मेढ्यात शोधावं लागेल. म्हणून मी फक्त टायरवर बोलणार आहे, आणि त्यातही एकच गोष्ट तुम्हाला पटवायला आलोय. टायर किती घासलाय हे बघायला आपण शिकलो. तो किती वर्षांचा आहे, हे कोणी बघतच नाही.

घासलेल्या टायरबद्दल फार वेळ घेत नाही. गोटा झालेला टायर पोरालाही कळतो. नक्षीच्या खाचेत तळाशी एक बारीक आडवा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याला टेकली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातल्या ९४ व्या नियमात दुचाकीसाठी नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर सांगितलीय, मोटारीसाठी १.६. ०.८ म्हणजे किती? खिशातल्या एटीएम कार्डाची जाडी जवळजवळ तेवढीच. केळघरचा घाट पावसात चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाने एवढं थांबूच नये, दुप्पट खोली उरलेली असतानाच टायर बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच नियमात खोलीचा आकडा आहे, दुचाकीच्या टायरच्या वयाचा आकडा नाही. आजचं माझं बोलणं तिथूनच सुरू होतं.

तुमच्या घरी एखादी पत्र्याची ट्रंक असेल. तिच्यात सातबारे, खरेदीखतं, जुन्या पावत्यांचं पुडकं, आणि पुडक्याला गुंडाळलेलं रबरबँड. दहा वर्षांनी बांधावरून भांडण लागतं, तेव्हा ते पुडकं निघतं. (हशा) रबरबँड ओढायला जावं, तर ते हातात तुटतं. काही वेळा ते कागदाला चिकटून बसलेलं असतं. ते रबरबँड दहा वर्षांत कुठे घासलं? कोणी ओढलं? अंधारात नुसतं पडून होतं. तरी मेलं. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. फक्त ट्रंकेतलं ते ज्ञान आपण गाडीपर्यंत नेत नाही.

असं का होतं, ते थोडक्यात सांगतो. रबर म्हणजे लांबच लांब धाग्यांचा गुंता. कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत कडक होतं. १८३९ साली चार्ल्स गुडइयरने गंधक घालून ते तापवलं, तेव्हा त्या धाग्यांना मध्ये मध्ये गाठी बसल्या आणि रबर ताणून परत जागेवर यायला लागलं. हवेतला ऑक्सिजन वर्षानुवर्षं रबराशी आपलं काम करतच राहतो. काही धागे तुटतात, काहींना नको तिथे जास्तीच्या गाठी बसतात. रबर कडक होतं. हवेतला ओझोन ताणलेल्या जागी बारीक भेगा पाडतो. ऊन, उष्णता आणि कमी हवा या कामाला जोर देतात. कंपन्या रबरात मेण आणि रसायनं घालतात. टायर वाकला, फिरला की ती आतून वर येत राहतात आणि पृष्ठभागाला पांघरूण घालतात. उभ्या गाडीच्या टायरला ते पांघरूणही नीट मिळत नाही.

रस्त्यावर टायर धरतो तो नक्षीमुळे, असं आपण समजतो. नक्षी पाणी बाजूला सारते. धरतं ते रबर. डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवर मऊ रबर दाबलं जातं, त्या खाचाखोचांत बसतं, म्हणून गाडी वळणावर उभी राहते. रबर कडक झालं की ते खडीच्या टोकांवरून नुसतं जातं. कालची भाकरी दिसायला भाकरीच असते, पण कालवणात बुडवून दुमडायला जा, मोडते. तशी गत.

आता आपल्या तालुक्यात हा प्रश्न का वाढलाय ते सांगतो. आपल्या जावळीत घरटी एक माणूस मुंबईला. तो गाडी घेतो, काही वर्षं इथे चालवतो, मग नोकरी लागते, आणि गाडी पडवीत ताडपत्रीखाली जाते. यात्रेला, गणपतीला, दिवाळीला निघते. चार दिवस चालते, पुन्हा ताडपत्रीखाली. दहा वर्षांत दहा हजार किलोमीटर झाले नाहीत. नक्षी कोरी दिसते आणि आपण खूश होतो.

माझ्या पुतण्याची गाडी अशीच. तो भांडुपला असतो. २०१९ च्या मे महिन्यात यात्रेला आला. सकाळी ताडपत्री काढली, मी पायाने टायर दाबून बघितला, हवा भरून आणली. मी एसटीच्या कार्यशाळेत टायर विभागात सव्वीस वर्षं काढली, त्यामुळे घरात टायरबद्दल माझा शब्द शेवटचा. मी म्हणालो, “अरे, नवाच आहे की!” दुपारी तो महाबळेश्वरहून परत येत होता. वळवाचा पाऊस आला. पहिला पाऊस सगळ्यात घातक, हे तुम्हाला सांगायला नको. धूळ आणि सांडलेलं ऑइल वर येतं, रस्ता साबणासारखा होतो. वेग फार नव्हता, असं मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानेच सांगितलं. वळणावर पुतण्याने पुढचा ब्रेक हलकासा लावला आणि पुढचं चाक त्याच्याखालून निघून गेलं. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. सहा महिने तो कामावर गेला नाही.

संध्याकाळी गाडी अंगणात आणली. मी पुढच्या चाकापाशी बसलो. नक्षी पूर्ण शिल्लक. टायरच्या बाजूच्या भिंतीवरची माती पुसली, तर लंबगोलात चार आकडे दिसले, १४११. २०११ सालचा चौदावा आठवडा. टायर आठ वर्षांचा होता. रिमच्या कडेला केसाएवढ्या भेगा. नख दाबलं, तर ते रुतेना. सव्वीस वर्षं ज्याने टायर तपासले, त्याने सकाळी ते चार आकडे वाचले नव्हते. पुतण्या मला कधी एका शब्दाने बोलला नाही. तेव्हापासून जिथे बोलावतील तिथे मी हेच सांगतो.

एसटीत आम्ही प्रत्येक टायरचा नंबर लिहायचो. कुठल्या गाडीला, कुठल्या चाकाला, किती किलोमीटर, केव्हा उतरवला, पुनःस्तरणाला, म्हणजे नवी नक्षी चढवायला, केव्हा गेला, सगळं नोंदवलेलं असायचं. टायरची कुंडलीच म्हणा. आणि एक शिस्त होती. नवा टायर पुढे, पुनःस्तरण केलेला मागे. पुढचा फुटला तर ड्रायव्हरच्या हातातून स्टिअरिंग जातं, मागे जोडीला दुसरा टायर असतो. दुचाकीवाले नेमकं उलटं करतात. मागचा लवकर घासतो, म्हणून तो दोनदा बदलतात. पुढचा कमी घासतो, म्हणून तो गाडीबरोबर आलेलाच राहतो. जोराचा ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे जातो. त्या क्षणी तुमचा जीव ज्या टायरवर असतो, तो गाडीतला सगळ्यात म्हातारा टायर.

इंग्लंडमधली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १० सप्टेंबर २०१२. आइल ऑफ वाइटवरचा संगीत महोत्सव संपवून पोरं बसने लिव्हरपूलला परत निघाली होती. सरे परगण्यात बसचा पुढचा टायर फुटला, बस झाडावर गेली, तीन माणसं गेली. नक्षी कायद्यात बसणारी होती. टायर १९ वर्षांहून जुना निघाला. गेलेल्यांत १८ वर्षांचा मायकल मॉलॉय होता. त्याची आई फ्रान्सिस मॉलॉय वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागली. शेवटी १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला बंदी झाली. एका आईला तेवढ्यासाठी आठ वर्षं झगडावं लागलं. आपल्याकडे असा नियम होईल तेव्हा होवो, पण चार आकडे वाचायला नियम कशाला लागतो?

मागून कोणी तरी विचारतंय, “कंपनीने पाठवलंय का तुम्हाला?” (हशा) विचारलंत ते बरं झालं. मला कोणी पाठवलेलं नाही, आणि कुठल्या कंपनीचा घ्या हे मी सांगणार नाही. पण या प्रश्नाचा मला राग येत नाही, कारण त्यामागे पैसा आहे. दोन हजारांच्या आसपासचा टायर, दोन घ्यायचे तर चार हजार. दुधाच्या पगारातून तेवढे काढणं सोपं नाही. मी दरवर्षी टायर बदला म्हणत नाही. पाच वर्षं झाली की दर पावसाळ्याआधी मिस्त्रीकडून नीट तपासून घ्या. मिशेलिनसारखी टायर बनवणारी कंपनीही पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहा वर्षांनी कसाही दिसत असला तरी बदला, एवढंच सांगते. मी आपल्या घाटासाठी, आपल्या पावसासाठी म्हणतो, सात वर्षांपुढे जाऊ नका. हे माझं मत आहे, कुणाला जास्त वाटेल. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली शंभरात ४४ हून जास्त दुचाकीवरची होती. सगळी काही टायरमुळे नव्हेत. पण जी टाळता येतात, ती तरी टाळू या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं जास्त झाली. मग हवेच्या दाबाचं राहू द्या, तो गाडीच्या पुस्तिकेत आहे. बाकीचं भराभर सांगतो. चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. आकडे एकाच बाजूला असू शकतात, एका बाजूला दिसले नाहीत तर दुसरी बघा. तीनच आकडे निघाले, तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. तो आजच काढा, झाडाला झोपाळा बांधा. (हशा) दुकानात नवा टायर घेतानाही आकडे वाचा, दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला देत असतील तर दुसरा मागा. मागचा टायर मधोमध चपटा झाला असेल तर तो वळणावर फसवतो. नवा टायर बसवला की पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. जी गाडी पडवीत ठेवणार, ती डबल स्टँडवर, उन्हापासून दूर, आणि हवा भरून ठेवा.

आणि मुंबईहून येणाऱ्या पोरांच्या आई-वडिलांना हात जोडून सांगतो. पोरगं येणार म्हणून गाडी धुऊन ठेवता, तेव्हाच ते चार आकडे वाचून त्याला फोनवर कळवा.

बाहेर मैदानात शंभर तरी गाड्या लावलेल्या आहेत. घरी जाण्याआधी मोबाइलची बॅटरी लावा आणि आपल्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी बसा. आकडे सापडत नसतील, तर मी फाटकाजवळ थांबतोय.